फोरजी रखडतंय? आधी या चुका टाळा

गोव्यात वाळपईतल्या माझ्या दुकानात एकच गाऱ्हाणं येतं: "फोरजी दिसतं, पण चालत नाही." बरेचदा नेटवर्क बरं असतं. आपणच काहीतरी करून ठेवलेलं नडतं.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे व्हिडिओ बघून, कोड दाबून फोन 'फक्त एलटीई'वर, म्हणजे फक्त फोरजीवर, बांधून ठेवणं. मागच्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आमचे काका माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या छताचं) सामान आणायला बाजारात गेले आणि दिवसभर 'संपर्क क्षेत्राबाहेर'. घरी काकी तापलेली. नारळ दोन जणांनी आणले, सुपारीची शिपटी कोणीच नाही. काकांचं व्हॉट्सॲप मात्र छान चालू! फोन हातात घेतला तर नातवानं एलटीई बांधलेलं आणि व्होएलटीई बंद. फोरजीत आवाजाला वेगळी लाइन नसते, बोलणंही डेटासारखंच जातं, तेच व्होएलटीई. ते बंद असेल तर फोन कॉलपुरता खाली टूजीवर उतरतो. नातवानं ती शिडीच काढून घेतलेली. जिओवर तर शिडी मुळातच नाही, २०१६ला त्यांचं जाळं थेट फोरजीवरच उभं राहिलं. मी व्होएलटीई चालू करतो, नेटवर्क 'ऑटो'वर टाकतो, समोर मिसकॉल देऊन बघतो, मगच फोन परत देतो.

दुसरं, दांडे मोजू नका. प्रत्येक कंपनीचा फोन ते आपापल्या मर्जीनं दाखवतो. सेटिंगमध्ये सिम स्टेटस उघडा, तिथे सिग्नलची ताकद डीबीएम या मापात दिसते: उणे ८५ डीबीएम म्हणजे मजा, उणे ११५ म्हणजे रडगाणं. दहाचा फरक म्हणजे ताकद दहापट कमी! टॉवरच्या लहरीही वेगवेगळ्या: चिऱ्याच्या जाड भिंतीतून ८५० मेगाहर्ट्झची बऱ्यापैकी आत येते, २३००ची दारातच अडते. तरी लोक सिमवर चालणारा राउटर टीव्हीच्या शोकेसमध्ये, फोटोफ्रेमच्या मागे कोंबतात आणि नवा घ्यायला माझ्याकडे येतात. घेतात तर घ्या, माझं काय जातं. पण माझा स्वतःचा वसरीकडच्या खिडकीत, बिस्किटांच्या प्लास्टिक डब्यावर आहे. पावसासाठी त्याच खिडकीला पत्रा मारला असेल तर दुसरी खिडकी शोधा.

ऑनलाइन मिळणारा, सिग्नल वाढवायचा स्वस्त बूस्टर: बेकायदा, वर शेजाऱ्यांचंही नेटवर्क बिघडवतो. मी विकत नाही.

कॅरियर ॲग्रिगेशन, म्हणजे वेगासाठी दोन-तीन लहरी एकदम वापरणं, फोनलाच येत नसेल तर सिम बदलून येणार नाही.

आणि चवथीत रात्री आठला स्पीड टेस्ट करून सिम पोर्ट करायला धावू नका. मुंबई-पुण्याहून अख्खा गाव आलेला असतो, टॉवर तोच. पहाटे पाचला एकदा मोजा, मग या. दुकान साडेनऊला उघडतं.