सरपंच किंवा सदस्याविरुद्ध तक्रार करताना आधी दार ओळखावे

ग्रामपंचायतीचा सरपंच किंवा सदस्य चुकीचे वागत असेल, तर गावातला माणूस बहुधा एकच लांबलचक अर्ज लिहितो, त्यात तीन-चार वर्षांचा सगळा राग ओततो आणि त्याच्या प्रती तहसीलदारांपासून मुख्यमंत्र्यांपर्यंत सर्वांना पाठवतो. असा अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो आणि शेवटी ‘उचित कार्यवाहीस्तव’ असा शेरा घेऊन त्याच तालुक्याच्या पंचायत समितीत परत येतो. अर्जातली तक्रार खोटी असते असे नाही. ती चुकीच्या दारावर गेलेली असते.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ यात निवडून आलेल्या व्यक्तीला पद गमवावे लागण्याचे, नागरिकाच्या तक्रारीवरून उघडणारे, दोन मुख्य मार्ग आहेत आणि ते एकमेकांपासून पूर्णपणे वेगळे आहेत. पहिला मार्ग अपात्रतेचा. कलम १४ मध्ये दिलेल्या कारणांपैकी एखादे कारण लागू होत असेल, तर कलम १६ खाली त्याचा निर्णय जिल्हाधिकारी करतात. दुसरा मार्ग कलम ३९ चा, म्हणजे कर्तव्य बजावताना केलेले गैरवर्तन, लाजिरवाणे वर्तन, कर्तव्यात हयगय किंवा असमर्थता. तेथे जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत चौकशी होते आणि पदावरून काढण्याचा अधिकार विभागीय आयुक्तांना असतो. (अविश्वास ठराव हा तिसरा मार्ग मुळात सदस्यांच्या हातातला आहे, ग्रामस्थाच्या तक्रारीवरून तो सुरू होत नाही.) सरपंचाने गायरानावर घर बांधले आणि मासिक सभाही घेतल्या नाहीत, अशी दोन्ही गाऱ्हाणी असतील तर अर्जही दोन करावेत.

अपात्रतेच्या अर्जाला जिल्हाधिकारी कार्यालयात ‘ग्रामपंचायत विवाद अर्ज’ म्हणतात आणि त्याचे स्वरूप जवळजवळ दाव्यासारखे असते. त्यामुळे येथे रागाला किंमत नसते, कागदाला असते. नेहमी वापरले जाणारे एक कारण थकबाकीचे आहे. ग्रामपंचायतीचा किंवा जिल्हा परिषदेचा कर मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत न भरल्यास सदस्य अपात्र ठरतो. वाचताना हे फार सोपे वाटते, पण त्या तरतुदीत एक अट आहे, ती म्हणजे कराचे बिल त्या सदस्यावर रीतसर बजावलेले असले पाहिजे. कर मागणी नोंदवहीत, म्हणजे नमुना ९ मध्ये, थकबाकी दिसते एवढ्यावर विसंबून केलेले अर्ज येथेच पडतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी बिलाची स्थळप्रत (कार्यालयात राहणारी प्रत), ते मिळाल्याची सही आणि तारीख, तसेच नंतर भरणा झाला असल्यास त्या पावतीची तारीख, एवढे तरी हाती असावे. बिल बजावलेच नसेल, तर हे कारण सोडून द्यावे हेच शहाणपणाचे.

दुसरे मोठे कारण सरकारी जमिनीवरील किंवा सार्वजनिक मालमत्तेवरील अतिक्रमणाचे आहे. कुटुंबातल्या व्यक्तीने केलेल्या अतिक्रमणाचा उपभोग सदस्य स्वतः घेत असेल तर तोही अपात्र ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले. मात्र २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने जळगाव जिल्ह्यातील एका महिला सरपंचाला पुन्हा पदावर बसवले. सासूसह सरकारी जागेवर राहत असल्याचा आरोप त्यांच्यावर होता आणि आपण पती व मुलांसह वेगळे, भाड्याच्या घरात राहतो असे त्यांचे म्हणणे होते. निवडून आलेल्या प्रतिनिधीला काढणे ही हलक्याने घेण्याची बाब नाही, हे त्या निकालाने यंत्रणेला बजावले. तक्रारदाराने यातून घ्यायचा बोध असा की, जागा सरकारी आहे हे सिद्ध करणे अर्धेच काम आहे. ती त्या सदस्याच्या ताब्यात किंवा वापरात आहे हेही दाखवावे लागते. पहिल्यासाठी सातबारा, नमुना ८ चा (कर आकारणी नोंदवहीचा) उतारा आणि शक्य असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाच्या मोजणीची ‘क’ प्रत (मोजणी नकाशाची नक्कल) उपयोगी पडते. दुसऱ्यासाठी वीजबिल, शिधापत्रिका आणि मतदार यादीतील घरक्रमांक असे साधे कागद अधिक बोलतात.

ग्रामपंचायतीच्या कामात सदस्याचा हितसंबंध असणे हेही अपात्रतेचे कारण आहे. ठेकेदार सरपंचाचा मेहुणा आहे, एवढे म्हणून भागत नाही, कारण केवळ नाते म्हणजे हिस्सा नव्हे. पैशाचा माग दाखवावा लागतो. त्यासाठी ठराव, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, देयके आणि प्रमाणके (व्हाउचर) माहितीच्या अधिकारात मागावीत. अर्जाचे शुल्क १० रुपये असून माहिती ३० दिवसांत मिळाली पाहिजे. ‘सर्व कामांची सर्व माहिती’ असे न मागता कामाचे नाव आणि आर्थिक वर्ष लिहून मागितल्यास टाळाटाळीला वाव राहत नाही. दोनपेक्षा अधिक अपत्ये असणे हेही अपात्रतेचे कारण आहे; त्यात अपत्याचा जन्म १२ सप्टेंबर २००१ पूर्वीचा की नंतरचा हे निर्णायक असून तेथे जन्मनोंदीचे दाखलेच लागतात.

कलम ३९ ची तक्रार वेगळ्या पद्धतीने लिहावी लागते. तेथे ‘मनमानी कारभार’, ‘हुकूमशाही’ असले शब्द चौकशी अधिकाऱ्याच्या काहीच उपयोगाचे नसतात. कोणत्या तारखेची सभा घेतली नाही, कोणत्या ठरावाविना किती रक्कम काढली, कोणते काम जागेवर नसताना देयक निघाले, असे एकेक मुद्दे क्रमांक घालून लिहावेत आणि प्रत्येक मुद्द्यासमोर त्याचा कागद जोडावा. सरपंच महिला असून कारभार ‘सरपंचपती’ पाहत असतील, तर सभेतील त्यांच्या हस्तक्षेपाचा पुरावा द्यावा. त्या बाईंना कारभार समजत नाही अशी टीका करू नये, कारण ती तक्रार नसून हेटाळणी ठरते. चौकशीपूर्वी संबंधित व्यक्तीला आणि पंचायतीला नोटीस देणे, तसेच त्या व्यक्तीचे म्हणणे ऐकून घेणे कायद्यानेच बंधनकारक आहे. ही पायरी वगळली गेली तर तक्रारदाराला कदाचित आनंद होईल, पण पुढे आदेश नेमका याच कारणाने रद्द होतो.

थेट लाच मागितली गेली असेल, तर या दोन्ही दारांशी जाऊ नये. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ या क्रमांकावर कळवावे, आणि तेही पैसे देण्यापूर्वी, म्हणजे सापळा लावता येतो.

अर्ज स्वतःच्या नावाने, पूर्ण पत्ता देऊन करावा, कारण निनावी पत्रावर सुनावणी होऊ शकत नाही. आवक क्रमांकाची पोच घ्यावी. अपात्रतेच्या प्रकरणात जिल्हाधिकाऱ्यांनी शक्यतो ६० दिवसांत निर्णय द्यावा असे कायदा म्हणतो, पण प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, आणि निर्णय होईपर्यंत तो सदस्य पदावर कायम असतो, याची मनाची तयारी ठेवावी. निर्णय विरुद्ध गेल्यास अपिलासाठी १५ दिवसच मिळतात; म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेसाठी अर्ज टाकावा.