वर्डप्रेसच्या कामाला इंजिनिअर नेमताना

पुण्यातल्या एका मराठी नियतकालिकाची वेबसाइट मी सांभाळते. साइट वर्डप्रेसवर, म्हणजे वेबसाइट चालवायच्या तयार सॉफ्टवेअरवर आहे. जुने अंक, वर्गणी, लेखकांची पानं, सगळं तिच्यावरच चालतं. प्रकाशक, वाचनालयं, लहानमोठ्या संस्था चालवणारी मंडळी मला सारखं विचारतात, "कुणी चांगला वर्डप्रेसवाला आहे का हो?" नुसतं नाव देऊन भागत नाही. काम कसं सांगायचं आणि माणूस कसा पारखायचा हे माहीत नसेल, तर चांगल्या माणसाच्या हातूनही काम बिघडतं.

आधी इंजिनिअर खरंच लागणार आहे का ते बघा. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारात ६० हजारांच्या आसपास मोफत प्लगिन, म्हणजे साइटला जोडायच्या तयार सोयी आहेत. संपर्काचा फॉर्म, फोटोंची गॅलरी, बॅकअप यांसाठी कुणाला नेमू नका. तुमच्या कामाची रीतच वेगळी असेल तेव्हा माणूस नेमायचा. आमच्याकडे वर्गणीदाराला वर्गणी सुरू झाल्याच्या महिन्यापासूनचेच अंक उघडतात, पण दिवाळी अंक सुटा विकत घेतलेल्यालाही तेवढा एक अंक दिसायला हवा. हा नियम जसाच्या तसा कुठल्या तयार प्लगिनमध्ये आम्हाला मिळाला नाही.

असा नियम आधी कागदावर साध्या मराठीत उतरवा. वर्गणी संपल्यावर जुने अंक दिसत राहणार का? खात्यातून पैसे गेले पण साइटला त्याचा निरोपच आला नाही, तर वाचकाला काय दिसणार? याची उत्तरं तुम्हीच द्यायची आहेत, इंजिनिअरनं नव्हे. असं पानभर टिपण हातात असलं की तीन जणांची कोटेशनं एकमेकांशी ताडून बघता येतात. नाहीतर प्रत्येक जण वेगळ्याच कामाची किंमत सांगत असतो.

मग काम कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखा. साइटचं रूप बदलायचं असेल तर थीमचं, म्हणजे रूप ठरवणाऱ्या साच्याचं काम, नवी सोय हवी असेल तर प्लगिनचं, आणि जुना मजकूर आणायचा असेल तर स्थलांतराचं. पेज बिल्डरवर, म्हणजे कोड न लिहिता पानं जुळवायच्या साधनावर, सुंदर पानं रचणारा माणूस प्लगिन लिहू शकेलच असं नाही. त्यात कमीपणा काही नाही, कामच वेगळं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० आलं आणि लिहिण्याची खिडकी ब्लॉकची झाली, म्हणजे परिच्छेद, चित्र असा एकेक तुकडा रचून लेख करायचा. संपादकांसाठी खास ब्लॉक करून हवे असतील तर वर्डप्रेस ज्या भाषेत लिहिलं आहे त्या पीएचपीसोबत जावास्क्रिप्ट ही भाषा आणि तिच्यातलं रिॲक्ट हे साधनही यायला हवं. साइट ड्रुपलवर, म्हणजे वर्डप्रेससारख्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरवर असेल तर उमेदवाराचा अनुभव कुठल्या आवृत्तीचा आहे ते आवर्जून विचारा. २०१५ च्या ड्रुपल ८ पासून आतली रचनाच बदलली, आणि ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. दहा वर्षांचा अनुभव सातवरच थांबलेला असेल तर त्या माणसाला बरंच नव्यानं शिकावं लागेल.

माणसं शोधायला जाहिरातीपेक्षा वर्डप्रेस डॉट ऑर्ग किंवा ड्रुपल डॉट ऑर्गवरचं प्रोफाइल उपयोगी पडतं. तिथे उमेदवारानं कुठल्या दुरुस्त्या दिल्या, कुणाच्या अडचणीला कसं उत्तर दिलं, ते कुणालाही वाचता येतं. पुण्या-मुंबईत वर्डकॅम्प, म्हणजे वर्डप्रेसवाल्यांचे मेळावे होतात. तिथे जाऊन बोलणाऱ्यांपेक्षा प्रश्न विचारणाऱ्यांकडे लक्ष द्या.

मुलाखतीत मी पहिला प्रश्न हाच विचारते: "एखाद्या प्लगिनचं वागणं बदलायचं असेल तर कसं बदलाल?" मूळ फायलींना हात न लावता बदल करता यावा म्हणून वर्डप्रेसमध्ये हुक, म्हणजे आपला कोड बाहेरून अडकवायच्या ठरलेल्या जागा असतात, ॲक्शन आणि फिल्टर अशा दोन प्रकारच्या. हुक वापरून आपलं वेगळं छोटं प्लगिन लिहायचं, थीममध्ये बदल असेल तर चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर आधारलेली वेगळी थीम करायची, हे बरोबर उत्तर. "ती फाइल उघडून ओळ बदलतो" असं म्हणणाऱ्याला नमस्कार करून मोकळं व्हा. आमच्या आधीच्या एजन्सीनं वर्गणीच्या प्लगिनच्या आतच बदल केले होते. पुढे ते प्लगिन अपडेट झालं, नव्या फायली जुन्यांवर बसल्या आणि वर्गणीदारांना आपलेच अंक दिसेनात. त्यावर एजन्सीचा सल्ला होता, अपडेट बंद ठेवा. हा सल्ला कधीच मानू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्या अपडेटमधूनच येतात.

दुसरा प्रश्न मराठीचा. इंग्रजी साइटवर तरबेज झालेल्या इंजिनिअरला तो सहसा पडलेलाच नसतो, म्हणून तो आपणच विचारायचा. 'महाराष्ट्रातील दुष्काळ आणि पाणी' असा मथळा देऊन लेख जतन करायला सांगा आणि लिंकमध्ये काय उरतं ते दाखवायला सांगा. लिंकमधल्या मथळ्याला वर्डप्रेस २०० अक्षरांची जागा देतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिथे टक्क्याच्या खुणांसह नऊ अक्षरं खातं, आणि काना, मात्रा, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हं. 'महाराष्ट्रातील' मध्ये चौदा, 'दुष्काळ' मध्ये सात. मधली रेघ धरून १९० जागा इथेच संपतात. पुढच्या 'आणि' मधला नुसता 'आ' मावतो आणि लिंक तिथेच तुटते. चांगला उमेदवार हे बघून लगेच कोड लिहायला बसत नाही. तो विचारतो, "जुन्या लिंक लोकांनी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या असतील ना? त्या चालू राहायला हव्यात का?" असा प्रश्न आला की माझा निम्मा निर्णय झालेला असतो.

शोधाचंही तसंच. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक सांकेतिक यादीत, २००८ साली आलं. कित्येक मजकुरांत मात्र ते 'अ' वर चंद्र चढवून 'अॅ' असं केलेलं आहे. 'दऱ्या' मधला अर्धा र सुद्धा दोन रीतींनी टंकला जातो. डोळ्यांना फरक कळत नाही, पण यंत्राच्या लेखी ते वेगवेगळे शब्द, म्हणून लेख असूनही वाचकाला सापडत नाही. यावर उमेदवार काय करील ते विचारा. मूळ मजकूर तसाच ठेवून शोधासाठी एकसारखी केलेली प्रत वेगळी ठेवायची, आणि वाचकानं टंकलेला शब्दही त्याच नियमानं बदलून घ्यायचा, असं काहीतरी उत्तर यायला हवं. जुने अंक श्रीलिपीसारख्या, युनिकोडमध्ये नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये अडकलेले असतील तर एका अंकाचं रूपांतर करून घ्या आणि रफार, जोडाक्षरं, अवतरणचिन्हं मुद्रितशोधकाकडून तपासून घ्या. ही तपासणी इंजिनिअरवर सोडू नका.

दोघंतिघं पसंत पडले की प्रत्येकाला एक लहान, खरं काम द्या आणि त्याचे पैसे द्या. फुकट चाचणी मागितली की चांगली माणसं निघून जातात, आणि त्यांचं बरोबरच असतं. काम मात्र स्टेजिंगवर, म्हणजे साइटच्या वेगळ्या प्रतीवर. त्या प्रतीत वर्गणीदारांचे खरे फोन नंबर आणि पत्ते ठेवू नका, खोटे भरा. निकाल बघताना गिटमधल्या, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाचा हिशेब ठेवणाऱ्या साधनातल्या नोंदी वाचा. "फिक्स", "फिक्स २" एवढंच लिहिणाऱ्याचं काम वर्षभरानं त्याला स्वतःलाही उलगडत नाही. कोड तुम्हाला वाचता येत नसेल तर दुसऱ्या अनुभवी इंजिनिअरला तासाभराचे पैसे देऊन दाखवा. बाहेरून आलेला मजकूर तपासून घेतला आहे का, डेटाबेसकडून माहिती मागणारे आदेश सुरक्षित रीतीनं बांधले आहेत का, हे त्याला पाहायला सांगा.

कराराकडे फार लोक दुर्लक्ष करतात. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. पगारी माणसानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळा करार नसेल तर, संस्थेचा होतो. फ्रीलान्सरनं लिहिलेला कोड मात्र पूर्ण पैसे दिले तरी त्याच्याच मालकीचा राहतो, हक्क लेखी आणि सहीनिशी तुमच्या नावे होईपर्यंत. त्या लेखी करारात मुदत लिहिली नाही तर कलम १९ प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर हक्क भारतापुरतेच मिळतात. तेव्हा 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन्ही शब्द करारात घालून घ्या. डोमेन, होस्टिंग आणि गिटचं खातं संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर असू द्या. इंजिनिअरला त्यात स्वतंत्र प्रवेश द्यायचा, मालकी नाही.

पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, पण शेवटचा हप्ता काम संपल्याच्या निरोपावर सोडू नका. इंजिनिअरनं लिहून दिलेल्या सूचना घेऊन दुसऱ्या कुणालातरी कोऱ्या संगणकावर साइट उभी करायला सांगा. ती उभी राहिली, वर्गणी भरून बघितली, अंक उघडला, की त्याच दिवशी उरलेले पैसे पाठवून द्या.