चालत्या गाडीचा स्पार्क अचानक गेल्यास दोष कसा शोधावा

पेट्रोलची गाडी चालता चालता एकाएकी बंद पडते, सेल्फ मारल्यावर इंजिन नेहमीच्या जोमाने फिरते, पण सुरू मात्र होत नाही. पेट्रोल कमी पडू लागले असते तर गाडीने बहुधा आधी दोनचार आचके दिले असते. किल्ली फिरवून बंद केल्यासारखे इंजिन तत्काळ थांबले असेल, तर पहिला संशय स्पार्कवर, म्हणजे पेट्रोल पेटवणाऱ्या ठिणगीवर घ्यावा. अशा वेळी प्लग बदलण्याचा सल्ला हमखास मिळतो, पण सगळे प्लग एकाच क्षणी निकामी होत नसल्याने तो खर्च बहुतेकदा वाया जातो.

तपासणी गाडी बंद पडलेली असतानाच करावी, कारण इंजिन गार झाले की दोष अनेकदा लपतो. प्रथम फ्युएल पंपाचा फ्यूज काढावा. कॉइल (प्लगला उच्च दाबाची वीज देणारा भाग) बाहेर काढून तिला स्पार्क टेस्टर, म्हणजे ठिणगी पडते का ते दाखवणारे साधन जोडावे, त्याचा चिमटा इंजिनच्या धातूला घट्ट लावावा आणि दुसऱ्या माणसाला पाचेक सेकंदच सेल्फ मारण्यास सांगावे. येथे हजारो व्होल्टचा दाब असतो, म्हणून कॉइल किंवा वायर हातात धरू नये. पेट्रोलचा वास येत असेल तर ही चाचणी करूच नये.

एकाच सिलिंडरचा स्पार्क गेला असेल तर त्याची कॉइल शेजारच्या कॉइलशी अदलाबदल करून पाहावी. सगळ्यांचाच गेला असेल तर दोष सामाईक जागी असतो. किल्ली चालू ठेवून कॉइलच्या सप्लाय वायरवर मल्टीमीटरने बॅटरीइतका, म्हणजे सुमारे 12 व्होल्ट दाब येतो का ते पाहावे. तो नसेल तर फ्यूज, मेन रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि इग्निशन स्विच (किल्लीचा स्विच) या क्रमाने मागे जावे. इमोबिलायझरचा, म्हणजे चोरी टाळण्यासाठी अनोळखी किल्लीने इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचा दिवाही एकदा पाहून घ्यावा.

दाब येत असूनही स्पार्क नसेल, तर माझ्या मते सर्वांत आधी क्रँक सेन्सरकडे, म्हणजे इंजिन फिरत असल्याची खबर गाडीच्या संगणकाला देणाऱ्या भागाकडे वळावे. इंदुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, त्यात एबी रोडच्या गर्दीत गाडी रांगत राहिली की बॉनेटखालची उष्णता फार वाढते. अशा वेळी सेन्सरच्या आतील बारीक तार तापून जोड सोडते आणि गार झाल्यावर पुन्हा जुळते. स्कॅनर (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे यंत्र) जोडून सेल्फ मारताना आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, शून्यच दिसत असतील, किंवा पी०३३५ हा या सेन्सरचा दोष-कोड आला असेल, तर संशय बळावतो. पंखा आणि पट्टे थांबलेले असताना, किल्ली काढून, सेन्सरवर थंड पाण्यात पिळलेला कपडा काही मिनिटे ठेवावा. स्पार्क परतला तर दोष जवळजवळ सापडलाच. दोन तारांच्या सेन्सरचा रोध (रेझिस्टन्स) तो गरम असतानाच मोजावा. तीन तारांचा, हॉल प्रकारचा सेन्सर मात्र अशा मापनाने कळत नाही.

जुन्या मारुती ८०० मध्ये डिस्ट्रिब्युटर, म्हणजे कॉइलची वीज आळीपाळीने प्रत्येक प्लगकडे पोहोचवणारा भाग असतो. पावसाळ्यात त्याच्या कॅपच्या आत ओल धरते, आणि उजेडात तिरपी धरल्यास केसासारखी काळी कार्बनची रेघ दिसते. ओल पुसून निघते, रेघ असलेली कॅप मात्र बदलावी लागते. कॅप काढलेली असतानाच क्षणभर सेल्फ मारून पाहावा: कॅपखालचा फिरणारा तुकडा, म्हणजे रोटर, जागचा हलला नाही, तर त्याला गती पोहोचवणारा इंजिनमधला टायमिंग बेल्ट तुटला असण्याची शक्यता मोठी आहे. मग सेल्फ मारणे थांबवून गाडी टो करूनच गॅरेजला न्यावी.