फेवास शिकताना: आधी आजाराची व्याख्या, मग आकडेमोड

जिनोम अभ्यासाची नेहमीची रीत म्हणजे एक आजार घ्यायचा आणि त्याच्याशी जोडलेले जनुकीय बदल शोधायचे. फेवासमध्ये (फिनोम-वाइड असोसिएशन स्टडी) दिशा उलटी असते. एक जनुकीय बदल, किंवा बीएमआयसारखा (उंचीच्या मानाने वजन) एखादा गुण घ्यायचा आणि इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींतल्या शेकडो आजारांपैकी तो कशाकशाशी जोडलेला दिसतो ते पाहायचं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या जोशुआ डेनी आणि सहकाऱ्यांनी सुमारे सहा हजार रुग्ण आणि पाच जनुकीय बदल घेऊन हे पहिल्यांदा करून दाखवलं. आधीपासून माहीत असलेल्या सात संबंधांपैकी चार त्यांना पुन्हा सापडले. उपचारासाठी आणि बिलासाठी लिहिलेल्या नोंदींतून जीवशास्त्र हाती लागतं, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

या क्षेत्रात येणारे बहुतेक जण मला आधी विचारतात, प्रोग्रामिंगसाठी आर शिकू की पायथन? जे येत असेल ते चालेल. खरं शिकायचं आहे ते वेगळंच: रुग्णाच्या नोंदीत आयसीडी कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला क्रमांक) दिसला म्हणजे त्याला तो आजार आहे, असं होत नाही.

डॉक्टरांना मधुमेहाची शंका आली, त्यांनी तपासणी सांगितली, आणि त्या तपासणीच्या बिलावर मधुमेहाचाच कोड पडला. रिपोर्ट नॉर्मल आला तरी कोड तिथेच राहतो. म्हणून किमान दोन वेगवेगळ्या तारखांना कोड असेल तरच केस, म्हणजे आजार असलेला रुग्ण, धरायची, असा प्रघात आहे. मधुमेह, संधिवात अशा जुनाट आजारांत तो चांगला चालतो. पण अपेंडिक्सच्या रुग्णाला तो कोड एकदाच मिळू शकतो. तिथे हाच नियम खऱ्या केसेस गाळून टाकतो. नियम लावण्याआधी हा आजार दवाखान्यात कसा नोंदवला जातो, ते तिथे काम करणाऱ्यांना विचारा.

कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी तो आजार नसलेले लोक, निवडणं मला याहून अवघड वाटतं. टाइप २ मधुमेहाचा कोड नाही, पण टाइप १ चा आहे, किंवा साखर वाढल्याची नोंद आहे, अशी व्यक्ती निरोगी गटात घातली तर खरा संबंध पुसट होतो. अशांना केसमध्येही घ्यायचं नाही आणि कंट्रोलमध्येही नाही. हजारो आयसीडी कोड सुमारे अठराशे आजार-गटांत बांधणाऱ्या फीकोडमध्ये ही वगळणी बऱ्याच अंशी तयार मिळते. तरी तुमच्या आजारासाठी काय काय वगळलं जातंय, ती यादी स्वतः वाचा.

अमेरिकी डेटा असेल तर आणखी एक तपासणी चुकवू नका. १ ऑक्टोबर २०१५ ला तिथे आयसीडी-९ ही आवृत्ती जाऊन आयसीडी-१० आली. प्रत्येक आजाराच्या केसेस वर्षवार मांडा. त्या तारखेला आकडा एकदम उडी मारत असेल, तर आधी कोडांची जुळवणी तपासा.

आकडेमोडीचं थोडक्यात सांगतो. अठराशे चाचण्या केल्या तर बॉनफेरोनीच्या हिशेबाने (मर्यादेला चाचण्यांच्या संख्येने भागून) पी-व्हॅल्यूची, म्हणजे संबंध नसताना निव्वळ योगायोगाने असा निकाल दिसण्याच्या शक्यतेची, मर्यादा ०.०५ वरून साधारण ०.००००२८ वर येते. केसेस मूठभर आणि कंट्रोल लाखभर असतील तर साध्या लॉजिस्टिक रिग्रेशनवर (हो-नाही निकालासाठीच्या नेहमीच्या सांख्यिकी पद्धतीवर) विसंबू नका; अशा असमतोलात चालणारी फर्थची सुधारित पद्धत किंवा सेज ही पद्धत वापरा. आणि दुर्मिळ आजारात संबंध दिसला नाही, तर ‘संबंध नाही’ असं लिहू नका. बऱ्याचदा केसेसच कमी पडलेल्या असतात.

नोंदीत कोण आहे, हेही पाहावं लागतं. जो दवाखान्यात वारंवार येतो त्याच्या नावावर सगळेच आजार जास्त दिसतात, त्यामुळे नोंदींचा कालावधी विश्लेषणात धरावा लागतो. यूके बायोबँक या ब्रिटिश आरोग्य-डेटासंचात नावनोंदणीच्या वेळी ४० ते ६९ वयाचे असलेले सुमारे पाच लाख स्वयंसेवक आहेत, पण ते सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक निरोगी आहेत. त्यावरून आजाराचं देशातलं प्रमाण काढता येत नाही.

संबंध सापडला की खरा विचार सुरू होतो. एफटीओ जनुकाचंच पाहा. २००७ मध्ये ते टाइप २ मधुमेहाच्या शोधातून पुढे आलं, पण बीएमआयचा परिणाम बाजूला काढल्यावर मधुमेहाशी असलेला संबंध नाहीसा झाला. वाट लठ्ठपणातून जात होती. एकाच बदलापुढे पाच आजार उभे राहिले, तर पाचांवर थेट परिणाम आहे की एकामागून बाकीचे येतायत, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

सुरुवात करायला जनुकीय डेटा लागतोच असं नाही. बॉस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या मिमिक-४ या डेटासंचात आयसीडी-९ आणि १० दोन्ही कोड आहेत. संपूर्ण संचासाठी संशोधन-नीतीचं प्रशिक्षण आणि करार लागतो. शंभर रुग्णांचा नमुना मात्र खुला आहे. त्या नमुन्यातला एक आजार निवडा. कोडवरून केसेस काढा, मग त्याच रुग्णांची औषधं आणि रक्ताचे रिपोर्ट शेजारी ठेवून एकेक नोंद वाचा. जिथे कोड एक सांगतो आणि औषधं दुसरंच, त्या नोंदी बाजूला काढा आणि प्रत्येकीपुढे कारण लिहा. तुमच्या व्याख्येतला पुढचा बदल त्या कारणांवरून ठरवा.