ड्राय रीसलिंग आणि जेवण: या चुका टाळा

“रीसलिंग आहे ना? मग तिखट काहीतरी करूया!” इथे जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठी राहणाऱ्या मराठी घरांमधे हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता मी आधी बाटली मागते, लेबल वाचते आणि मगच मेनूवर बोलते. कारण रीसलिंग म्हणजे एकच वाइन नव्हे. ते पांढऱ्या वाइनचं द्राक्ष आहे. द्राक्ष तेच, पण त्याच्यापासून मधासारखी गोडसुद्धा होते आणि लिंबासारखी आंबट, एकदम कोरडी, म्हणजे ड्राय, साखर जवळजवळ न उरलेली पण होते. लोक एकीबद्दल वाचतात, दुसरी विकत घेतात आणि मग जेवण बिघडलं की दोष रीसलिंगला.

तर पहिली आणि माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, ड्राय रीसलिंग झणझणीत जेवणाबरोबर उघडणं.

तिखटाबरोबर रीसलिंग चालते हा सल्ला खोटा नाहीये, पण तो अर्धा आहे. चालते ती थोडी गोड आणि कमी अल्कोहोलवाली, म्हणजे जर्मनीच्या मोझेल भागातली ८-९ टक्क्यांची काबिनेट नावाची हलकी वाइन वगैरे. त्यात साखर उरलेली असते, ती मिरचीचा जाळ जरा दाबते, आणि अल्कोहोल कमी असल्यामुळे जिभेला आणखी चटका बसत नाही. ड्राय बाटलीत यातलं काहीच नसतं. साखर जवळजवळ संपलेली, अल्कोहोल १२-१३ टक्के, आणि आंबटपणा भरपूर. अल्कोहोलमुळे मिरचीची आग वाढते, साखर नसल्यामुळे ती शमवायला काही नाही, आणि वर आंबट, म्हणजे आधीच सोललेल्या जिभेवर लिंबू.

आमच्या ओळखीतला एक मुलगा, नुकताच नोकरीसाठी आलेला, भारी उत्साही. दिवाळीनंतरच्या गेट-टुगेदरला त्याने सगळ्यांना सांगितलं की वाइनचं मी बघतो, आणि खरंच चांगल्या, महागाच्या ट्रोकन, म्हणजे ड्राय, बाटल्या आणल्या, १३ टक्क्यांच्या. जेवायला तांबडा रस्सा आणि सुकं चिकन, मसाला कोल्हापूरहून आलेला. पहिला घास, वर पहिला घोट, आणि टेबल गप्प. एका काकांनी ग्लास बाजूला सरकवला तो परत हातातच घेतला नाही. कुणी पाणी पितंय, कुणी दही मागतंय, एक ताई म्हणाल्या वाइन खराब झाली असेल, आंबलीय. तो बिचारा मला कोपऱ्यात घेऊन म्हणतो, “ताई, सगळीकडे तर लिहिलंय स्पायसी फूडबरोबर रीसलिंग!” मी म्हटलं लिहिलंय रे, पण कुठली ते तू वाचलं नाहीस. मग स्वयंपाकघरात कोथिंबीर वडीचं ताट तसंच राहिलं होतं, ते बाहेर आणलं, चटणी मुद्दाम आणली नाही, आणि म्हटलं आता प्या. तीच बाटली, तेच लोक. खमंग, खारट, तेलात कुरकुरीत झालेली वडी आणि वर तो थंड आंबट घोट, तोंड एकदम साफ होतं आणि पुढची वडी उचलावीशी वाटते. काकांनी नंतर दुसरा ग्लास मागून घेतला. वाइनमधे काहीच बिघाड नव्हता, तिच्यासमोर चुकीचं ताट होतं.

माझ्या घरी यावर उपाय सोपा आहे, फ्रिजमधे दोन प्रकार कायम ठेवते. एक ट्रोकन, एक फाइनहेर्ब, म्हणजे अर्धगोड, किंवा गोडसर काबिनेट. पाहुणे काय आणतील, भाजी किती तिखट होईल याचा भरवसा नसतो. जेवण तिखट निघालं तर ट्रोकन परत आत जाते आणि गोडसर बाहेर येते. आणि ड्रायच प्यायची असेल तर तिखटाचा हात आखडता घ्या, मिरी आलं चालतं, थोडी हिरवी मिरचीपण चालते, लाल रस्सा नाही.

लेबल न वाचणं

निमुळती उंच बाटली म्हणजे गोड, असं अजून लोक सांगतात. बाटलीच्या आकाराचा आणि गोडीचा काहीही संबंध नाही, मोझेल, ऱ्हाइनगाऊ हे जर्मन भाग असोत की फ्रान्समधला आल्सास, सगळीकडे तोच आकार, आत काहीही असू शकतं.

जर्मन लेबलवर ट्रोकन हा शब्द शोधा. कायद्याने ट्रोकनमधे लिटरला जास्तीत जास्त ९ ग्रॅम साखर चालते, तीही आंबटपणा तेवढा भक्कम असेल तरच. हाल्बट्रोकनला १८ ग्रॅमपर्यंत मुभा आहे. फाइनहेर्बला कायद्यात आकडाच नाही, साधारण अर्धगोड समजा आणि चाखून बघा. काबिनेट आणि श्पेटलेझे हे शब्द द्राक्षं तोडताना किती पिकलेली होती ते सांगतात, बाटलीत गोडी किती ते नाही, त्यामुळे श्पेटलेझे ट्रोकन अशी बाटली दिसली तर गोंधळू नका, ती ड्रायच आहे. आल्सासच्या बाटलीवर सेक (फ्रेंचमधे ड्राय) शोधायचं. अमेरिकन बाटल्यांच्या मागे बऱ्याचदा ड्राय ते स्वीट अशी पट्टी आणि त्यावर खूण असते, ती बघा.

आणि काहीच कळलं नाही तर अल्कोहोलचा आकडा बघायचा, मी दुकानात उभी राहून हेच करते. द्राक्षाची साखर आंबून तिचं अल्कोहोल होतं, त्यामुळे अल्कोहोल ८-९ टक्के म्हणजे साखर बाटलीतच राहिलीय, १२ किंवा वर म्हणजे बहुतेक सगळी संपलीय. मधले आकडे असतील तर दुकानदाराला विचारा, त्यात कमीपणा काही नाही. १० सेकंदांचं काम आहे हे, पण फोनवर ॲपने बाटलीचा फोटो काढून तारे मोजण्यात लोक ५ मिनिटं घालवतात आणि हा छापलेला आकडा वाचत नाहीत, याचा मला खरंच राग येतो.

ताटातली गोडी विसरणं

ही माझी दुसरी दुखरी नस. तिखट निदान लगेच कळतं, ही चूक कळतच नाही, फक्त वाइन वाईट लागते. नियम म्हणायचा तर एवढाच, ताटातलं काही वाइनपेक्षा गोड असेल तर वाइन पाणचट आणि जास्त आंबट लागणार. ड्राय रीसलिंगमधे गोडी जवळजवळ नाहीच, म्हणजे ताटातली थोडीशी साखरसुद्धा तिला भारी पडते.

हे स्वतः करून बघायचं असेल तर श्निट्झेल, म्हणजे ब्रेडचा चुरा लावून तळलेला मांसाचा पातळ काप, मागवा. सोबत बहुतेक वेळा लिंबाची फोड येते, आणि बऱ्याच ठिकाणी प्राइजलबेरेन म्हणजे त्या लाल आंबटगोड बेरीचा जॅमपण. आधी नुसत्या श्निट्झेलवर लिंबू पिळून घास घ्या आणि वर ड्राय रीसलिंगचा घोट. कुरकुरीत आवरण, लोण्याचा वास, आणि वाइन एकदम फळांची, सफरचंद पीच लागते. आता पुढच्या घासाला जॅम लावा आणि परत घोट घ्या. तीच वाइन पातळ, टोकदार, जवळपास व्हिनेगरसारखी लागेल, फळ गायब. मधे फक्त अर्धा चमचा जॅम आहे. नवीन माणसाला मी हा प्रयोग करायलाच लावते, कारण नुसतं सांगून कुणाला पटत नाही.

एकदा हे कळलं की लपलेली साखर दिसायला लागते. ऱ्हाइनकडचा साउअरब्राटन, म्हणजे व्हिनेगरमधे मुरवून शिजवलेलं मांस, घ्या, नावात आंबट आहे म्हणून लोक रीसलिंग मागवतात, पण त्याच्या सॉसमधे मनुका असतात, कधी मसाल्याचा गोड केक कुस्करून घातलेला असतो, वर सफरचंद घातलेली लाल कोबी. तिथे ट्रोकनचा काही निभाव लागत नाही. सुपरमार्केटमधलं तयार सॅलड ड्रेसिंग, त्यात साखर. थाय हिरव्या करीत साखर. आपल्याकडे आमटीत गूळ, चिंचगुळाची चटणी, भरल्या वांग्यात गूळ, खोबरंपण स्वतःच गोडसर. मी ड्राय वाइन ठेवणार असेन त्या दिवशी गूळ घालत नाही, कोकम किंवा लिंबावर भागवते. आणि शेवटी श्रीखंड-बासुंदी आली की ड्रायचा ग्लास उचलून न्यायचा, संपला नसेल तरी. गोड पदार्थाबरोबर ट्रोकन म्हणजे दोन्हीची माती.

मांस बघून ठरवणं

मासा असेल तर व्हाइट, मटण असेल तर रेड, हा शॉर्टकट मला अजिबात आवडत नाही. डुक्कर, कोंबडी की मासा याने ड्राय रीसलिंगला फारसा फरक पडत नाही, त्याच्यावर काय ओतलंय आणि ते कसं शिजवलंय त्याने पडतो. फाल्झ या जर्मन भागात झाउमागेन खातात, डुकराच्या जठरात डुकराचं मांस, बटाटे आणि मसाला भरून उकडलेलं आणि मग काप तव्यावर परतलेले, जर्मनीचे माजी चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी परदेशी नेत्यांनासुद्धा खिलवलेला पदार्थ हा. बरोबर साउअरक्राउट, म्हणजे आंबवलेली कोबी, आणि फाल्झची ड्राय रीसलिंग, याच्यापुढे रेड आठवतसुद्धा नाही. उलट तोच मासा गोड-तिखट सॉसमधे आला की रीसलिंग गेली.

माझी स्वतःची कसोटी लिंबाची आहे आणि मी ती कुणालाही देते. पदार्थाकडे बघायचं आणि विचारायचं, यावर लिंबू पिळलं तर बरं लागेल का? लागेल म्हणाल तर ड्राय रीसलिंग चालेल. तळलेला मासा, रवा लावलेली सुरमई किंवा बांगडा, बटाटेवडा, भजी, ट्राउट, कोळंबी, सगळ्यांना लिंबू चालतं. बीफ स्टेकवर कुणी लिंबू पिळत नाही, तिथे ही वाइन नको. दरवेळी शंभर टक्के बरोबर येते असं नाही म्हणत मी, पण भिंतीवर लावायच्या त्या पेअरिंग चार्टपेक्षा बरी.

आंबट पदार्थाला घाबरायचं पण काही कारण नाही. उलट वाइनपेक्षा ताट आंबट असेल तर बहुतेक वाइन्स मरतात, रीसलिंग टिकते, तिच्यात मुळात आंबटपणा जास्त. फ्रांकफुर्टची ग्र्युने सोसे, ७ हिरव्या पाल्यांची, आंबट दह्या-क्रीमची, उकडलेली अंडी आणि बटाटे, तिच्याबरोबर ऱ्हाइनगाऊची साधी ट्रोकन सुरेख जाते. आणि पांढरा श्पार्गेल म्हणजे ॲस्परॅगस, तो २४ जूनपर्यंतच मिळतो, सोबतच्या हॉलंडेझ सॉसमधलं लोणी ती वाइन असं काही कापते की ताट जड वाटत नाही.

बाकीच्या पटापट सांगते.

फार गार देऊ नका. फ्रिज ४-५ डिग्रीला असतो, तिथून काढून थेट ओतली तर वास काहीच येत नाही, फक्त आंबट कळतं, आणि मग लोक म्हणतात आंबट आहे. जेवायला बसायच्या १५-२० मिनिटं आधी बाहेर काढा, ८ ते १० डिग्री पुरे.

मीठ कमी पडू देऊ नका. अळणी जेवणापुढे ही वाइन उगाच टोचते, मिठाने मऊ होते.

जीजी म्हणजे ग्रोसेस गेवेक्स, ती महागाची, बाटलीवरच जीजी लिहिलेली असते, ती भज्यांबरोबर संपवू नका. कायद्याने ड्रायच असते पण अंगाने भरलेली, तिला क्रीममधले मशरूम, पोर्कचा रोस्ट, लोण्यात केलेला मासा असं काहीतरी दमदार द्या. आणि जराशी कमी गार, ११-१२ डिग्री. नवशिक्यांनी पहिल्याच महिन्यात जीजी घ्यायची घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे, आधी गुट्सवाइन म्हणजे वाइनरीची साधी बाटली प्या, ती पदार्थाबरोबर कशी वागते ते कळू द्या.

पेट्रोलसारखा वास आला म्हणून बाटली ओतून देऊ नका, कृपा करून. जुन्या रीसलिंगला आणि उन्हातल्या प्रदेशातल्या, उदाहरणार्थ ऑस्ट्रेलियाच्या क्लेअर व्हॅलीतल्या रीसलिंगला तो येतो, त्या द्राक्षाचाच गुण आहे. स्मोक्ड मासा लावून बघा बरोबर. तळाशी चकाकणारे खडे दिसले तर ती काच नाही, वाइनमधल्या टार्टारिक आम्लाचे खडे आहेत, निरुपद्रवी.

फिरवीच्या झाकणाची बाटली हलकी समजू नका. क्लेअर व्हॅलीतल्या बऱ्याच वाइनमेकर्सनी २००० सालच्या रीसलिंगला मिळून स्क्रूकॅप लावलं, बुचाने वाइन बिघडायची म्हणून, स्वस्तात पडतं म्हणून नव्हे.

एका बाटलीवर पूर्ण मत बनवू नका. शिकायचं असेल तर श्ट्राउसविर्टशाफ्टमधे जाऊन बसा, वाइनरीवालेच वर्षातले जास्तीत जास्त ४ महिने अंगणात बाकं टाकून स्वतःची वाइन आणि साधं खाणं देतात, दारावर हिरवा डहाळा किंवा केरसुणी टांगलेली असते. छोटे ग्लास मागवा, ट्रोकन आणि फाइनहेर्ब शेजारी ठेवा, एक घास, एक घोट, परत घास. घाई केली तर काही कळणार नाही.

आणि उरलेली बाटली ओट्यावर ठेवू नका. झाकण घट्ट लावून फ्रिजच्या दारात उभी ठेवली तर ड्राय रीसलिंग ३-४ दिवस आरामात टिकते, कधीकधी दुसऱ्या दिवशी जास्त मोकळी होते. मी दुसऱ्या दिवशी शिळ्या बटाट्याच्या काचऱ्या करते, मोहरी-हळद-मीठ एवढंच, तिखट नाही, आणि वर लिंबू.