जुना पिकअप घेऊन मोठा कॅम्पिंग ट्रेलर ओढायचाय? या चुका टाळा

समर जवळ आला की इथे डेन्व्हरकडे ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. एक ट्रक बघितलाय, ११,००० पाउंड ओढतो म्हणे, आपला ट्रेलर तर ७,००० चाच आहे, घेऊन टाकू ना? माझं उत्तर ठरलेलं असतं, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळ्या पट्ट्याचं स्टिकर असतं त्याचा फोटो पाठव. तो फोटो बहुतेक वेळा नसतोच, कारण दार उघडून तिथे कुणी बघितलेलंच नसतं. सीट कसली आहे, स्क्रीन केवढी आहे, सनरूफ आहे का हे सगळं पाठ असतं.

सगळ्यात मोठी चूक हीच, ब्रोशरमधल्या टोइंग आकड्यावर ट्रक घेणं. तो आकडा खोटा नसतो पण तो तुमच्या ट्रकचा नसतो. ज्या नियमाने तो काढतात, जे२८०७, त्यात ट्रकमध्ये फक्त दोन माणसं धरलेली असतात आणि तीही दीड-दीडशे पाउंडाची. तुमची बायको, मुलं, इंडियातून आलेले आईवडील, कूलर, सायकली, जनरेटर यातलं काहीही त्यात नसतं. खरा आकडा त्या स्टिकरवर असतो, माणसं आणि सामान मिळून वजन इतक्या पाउंडाच्या वर जाता कामा नये असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. हे पेलोड, आणि ट्रेलरच्या तोंडाचं जे वजन हिचवर, म्हणजे ट्रकमागच्या जोडणीवर बसतं ते टंग वेटही यातूनच जातं. ते ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं, मी १३ धरतो. आणि एकूण वजन म्हणजे भरलेल्या ट्रेलरचं, विकणारा सांगतो ते रिकाम्याचं नाही. ४० गॅलन पाणी भरलं की नुसतं पाणीच ३३० पाउंडाच्या वर जातं.

एका मित्राने अगदी असाच ट्रक घेतला होता. हाफ-टन (पिकअपमधला हलका वर्ग), टॉप मॉडेल, लेदर, पॅनोरामिक सनरूफ, सगळं सगळं. जितकी चैन जास्त तितका ट्रक स्वतःच जड आणि तितकं पेलोड कमी, हे त्याला सांगणारं कुणी भेटलं नाही. स्टिकरवर होते १,१८० पाउंड. पुण्याहून काका-काकू आलेले, तो, वहिनी, दोन मुलं, मागे ३० फुटी ट्रेलर, निघालो यलोस्टोनला. आम्ही आमच्या गाडीत त्याच्या मागे. कोलोरॅडोतलं वेलिंग्टन सोडून आय-२५ हायवेवर वायोमिंगच्या दिशेला लागलो की आडवा वारा सुरू होतो, तिथे एक सेमी, म्हणजे मोठा मालट्रक, त्याला ओव्हरटेक करून गेला आणि ट्रेलर डोलायला लागला. आधी थोडा, मग एका लेनमधून दुसऱ्या लेनपर्यंत. मागून दिसत होतं की ट्रेलर ट्रकला हलवतोय. त्याने घाबरून ब्रेक दाबला, जो अशा वेळी दाबायचा नसतो. ॲक्सिलरेटर सोडून हाताने फक्त ट्रेलरचा ब्रेक लावायचा, ट्रेलरच्या ब्रेक कंट्रोलरवर त्यासाठी वेगळी पट्टी असते. नशीब चांगलं म्हणून पुढे रस्ता मोकळा होता आणि स्पीड उतरल्यावर तो सरळ झाला. काकू बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.

शायेनला ट्रक स्टॉपवर कॅट स्केलचा वजनकाटा होता, तिथे सगळं चढवलं. हिचचे वजन वाटून देणारे बार सैल करून, ट्रेलर जोडलेला असताना ट्रक भरला ७,४९०, आणि ट्रेलर सोडून नुसता ट्रक, माणसं आणि सामानासकट, ६,९१०. भरलेल्या ट्रकच्या वजनाची कमाल मर्यादा होती ७,०५०. म्हणजे ट्रेलर नसतानाच फक्त १४० पाउंड शिल्लक होते! आणि ट्रेलर भरला ७,३००, त्याचं नीट टंग वेट हवं साधारण ९५०. ते होतं ५८० (ट्रकच्या दोन वजनांतला फरक), म्हणजे आठच टक्के, कारण त्याला कुणीतरी सांगितलं होतं की ट्रक मागून बसतोय ना, मग ट्रेलरच्या मागच्या बंपरवर सायकली लाव आणि जड सामान मागच्या बाजूला ढकल, ट्रक उचलला जाईल. उचलला गेला खरा, पण टंग हलकी झाली की ट्रेलर डोलणारच. आता सामान पुढे आणावं तर ट्रक आणखी ओव्हरलोड, मागे ठेवावं तर हे असं. त्या ट्रकवर त्या ट्रेलरची कुठलीही मांडणी बसत नव्हती. मागच्या स्प्रिंगना हवेच्या पिशव्या (एअरबॅग) लाव, स्प्रिंग बदल असले सल्ले नंतर बरेच आले, पण त्याने ट्रकची मागची बाजू वर दिसते, मर्यादा एक पाउंडही वाढत नाही. ट्रेलर तिथेच स्टोरेजला ठेवून ट्रिप हॉटेलांत केली. पुढे त्याने तो ट्रक तोट्यात विकला आणि साध्या मॉडेलचा, पेट्रोलचा जुना थ्री-क्वार्टर टन (हाफ-टनच्या वरचा जड वर्ग) घेतला, त्याच्या स्टिकरवर ३,१०० आहेत.

म्हणून माझी पद्धत अशी. स्टिकरचा आकडा घ्यायचा, त्यातून घरच्या सगळ्यांची खरी वजनं, हौद्यातलं सामान, हिचचे ९०-१०० पाउंड आणि ट्रेलरच्या जीव्हीडब्ल्यूआरचे, म्हणजे भरून कमाल वजनाचे, १३ टक्के वजा करायचे. उत्तर शून्याच्या खाली आलं तर तो ट्रक बघायलाही जाऊ नका. आधीच्या मालकाने नंतर लावलेलं टूलबॉक्स, कव्हर, पायऱ्या हेही वजा करा, स्टिकरला ते माहीत नसतं. आणि डिझेल घेतला म्हणजे प्रश्न मिटला असंही नाही, डिझेल इंजिन कित्येकशे पाउंड जड असतं, त्यामुळे भारी मॉडेलच्या डिझेल थ्री-क्वार्टर टनला पेट्रोलवाल्या साध्या मॉडेलपेक्षा बरंच कमी पेलोड असू शकतं.

दुसरी चूक माझ्या डोक्यात जाते ती घाईची. शनिवारी दुपारी जायचं, विकणाऱ्याने ट्रक आधीच चालू करून एसी लावून ठेवलेला, सपाट रस्त्यावर दोन मैल रिकामा फिरवायचा आणि दुसरा गिऱ्हाईक येतोय म्हटल्यावर लगेच पैसे द्यायचे. अरे, पुढची दहा वर्षं मुलांना बसवून घाट चढायचाय त्याच्यात! मी सकाळीच जातो आणि आधीच सांगून ठेवतो की मी येईपर्यंत चालू करायचा नाही. गेल्यावर पहिलं काम बॉनेटवर हात ठेवायचा, गरम लागला तर दुसऱ्या दिवशी येतो म्हणून सांगतो. कारण महागडे दोष थंड इंजिनलाच ऐकू येतात. २०१७ ते २०२० च्या फोर्ड एफ-१५० मधलं ३.५ इकोबूस्ट इंजिन सकाळी चालू केल्यावर काही सेकंद खडखडलं तर कॅम फेजर (व्हॉल्व्हचं टायमिंग बदलणारे भाग) गेलेत. रॅमच्या ५.७ हेमीला थंड असताना टिक-टिक येते आणि गरम झाल्यावर थांबते, ती बहुतेक इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट तुटल्याची. शेव्हीच्या ५.३ ला व्हॉल्व्ह उचलणाऱ्या लिफ्टरचा आवाज येत असेल तर मी तिथेच थांबतो.

मग जमिनीवर पाठ टेकवून खाली जायचं, कपडे मळतील त्याला इलाज नाही. ओहायो-मिशिगनकडचा ट्रक असेल तर रस्त्यावरच्या मिठाने फ्रेम खाल्लेली असते, हातोडीने ठोकून बघा, घट्ट टणत्कार यायला हवा आणि पापुद्रे पडता कामा नयेत. 'कधीच काही ओढलेलं नाही' म्हणणाऱ्याच्या हिचचा पाइप आतून घासून चकचकीत आहे का बघा. कंपनीचा फ्लीट ट्रक असेल तर मैलांवर जाऊ नका, इंजिन किती तास चाललंय आणि त्यातले किती तास उभ्या-उभ्या, ते मीटरवर काढून बघा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, पुरातल्या गाडीचा चिखल तिथे सापडतो. व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, एनआयसीबी या विमा-फसवणूक आणि गाडीचोरी शोधणाऱ्या संस्थेच्या साइटवर फुकट तपासता येतो, तेवढं तरी करा.

ॲक्सल रेशो, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या गिअरचं प्रमाण, विचारत नाहीत ही पण चूक. तेच इंजिन, तोच ट्रक, पण मागे ३.०८ चा रेशो असेल तर शेव्हीचा सिल्व्हराडो घाटात रडतो आणि ३.७३ असेल तर निवांत चढतो. २०१४ ते २०१७ च्या सिल्व्हराडोत ग्लव्ह बॉक्समधल्या लेबलवर कोड असतात, जीयू४ म्हणजे ३.०८, जीयू६ म्हणजे ३.४२, जीटी४ म्हणजे ३.७३. आधीच्या मालकाने ३५ इंची टायर लावले असतील तर चांगला रेशोही वाया गेला, लिफ्ट केलेला, म्हणजे उंच केलेला ट्रक मी ट्रेलरसाठी घेतच नाही.

कोलोरॅडोत राहणाऱ्यांनी उंचीचाही विचार करा. टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद दर हजार फुटांना साधारण तीन टक्के उतरते. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, म्हणजे तिथे एक तृतीयांश ताकद गेलेली असते आणि चढ सात टक्क्यांपर्यंत.

चार पिनांचा सपाट प्लग असलेला ट्रक म्हणजे मोठ्या ट्रेलरच्या ब्रेकची सोय नाही, सात पिनांचा आणि कंपनीचाच ब्रेक कंट्रोलर असलेला शोधा. हिचवर दोन आकडे असतात, वेट डिस्ट्रिब्यूशनचा मोठा आकडा वजन वाटून देणारा, बारवाला हिच लावल्यावरच लागू होतो. ट्रान्समिशनच्या तेलाला जळका वास आला तर किंमत कितीही कमी असो, सोडा. टायरवर डीओटी नंबरच्या शेवटी चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा, सहा-सात वर्षांपुढचे असतील तर टायर चांगले दिसले तरी नव्या सेटचे पैसे किमतीतून कापून मागा, आणि नवे घेताना एलटी (लाइट ट्रक) प्रकारचेच घ्या.