छोटा शब्द कोणाला चिकटलाय? फ्रेझल व्हर्ब आणि प्रिपोझिशन एका वाक्यात कसे बसवायचे

आपल्याकडे फ्रेझल व्हर्ब, म्हणजे क्रियापद आणि त्याला जोडलेला छोटा शब्द, शिकवतात ते यादी देऊन. गिव्ह अप म्हणजे सोडून देणे, लुक आफ्टर म्हणजे सांभाळणे, अशी पन्नास पाठ करा की झालं. पाठ होतातही, पण बोलायची वेळ आली की गाडी अडते, कारण खऱ्या बोलण्यात नुसतं पिक अप कधी येतच नाही, "उद्या नऊ वाजता मला स्टेशनवरून घे" असं अख्खं वाक्य येतं आणि मग इंग्लिशमधला मी (me) कुठे टाकू, अप कुठे, फ्रॉम कुठे, ॲट कुठे, सगळा गुंता. माझी भाची इंटरव्ह्यूची तयारी करत होती तेव्हा नेमकं इथेच अडकायची. तिच्यासोबत बसून जे जे उपयोगी पडलं ते इथे लिहिते.

आणि आधीच सांगते, अवघड वाटतंय म्हणजे तुमचं इंग्लिश कच्चं आहे असं अजिबात समजू नका. सॅम्युअल जॉन्सनने 1755 मध्ये इंग्लिशचा मोठा शब्दकोश काढला, त्याच्या प्रस्तावनेतच त्याने लिहून ठेवलंय की क्रियापदाला छोटा शब्द जोडून अर्थ बदलायची ही पद्धत परक्या माणसाला सगळ्यात जास्त त्रास देते.

पहिली पायरी: मराठीतला "वर" आठवा

"तो वर गेला" आणि "तो झाडावर गेला" ही दोन वाक्यं बघा. पहिल्यात वर एकटा आहे, तो जाण्याबद्दल सांगतो. दुसऱ्यात तोच वर झाडाला चिकटलाय, आणि चिकटताना झाडचं झाडा करून टाकलंय. शाळेत आपण पहिल्याला क्रियाविशेषण अव्यय आणि दुसऱ्याला शब्दयोगी अव्यय म्हणायचो. इंग्लिशमध्ये अगदी हाच फरक आहे, फक्त तिथे छोटा शब्द सुटाच लिहितात त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून इंग्लिश वाक्यात अप, ऑफ, इन, ऑन असं काही दिसलं की एकच प्रश्न विचारायचा, हा मागच्या क्रियापदाला चिकटलाय की पुढच्या नामाला? मागे चिकटला तर फ्रेझल व्हर्ब, पुढे चिकटला तर प्रिपोझिशन. मला विचाराल तर अर्धं काम इथेच होतं.

आणि छोटा शब्द मागे चिकटल्यावर अर्थ का बदलतो, तर तेही आपल्याकडे आहेच की. "खा" आणि "खाऊन टाक" यात टाक म्हणजे काही फेकणं नाही, संपवणं आहे. ईट अप, यूज अप, ड्रिंक अप यातला अप असाच, वर-बिर काही नाही, संपवून टाकणं. ज्याला खाऊन टाक कळतं त्याला ईट अप नव्याने पाठ करायची गरजच नाही!

दुसरी पायरी: इट घालून बघा

प्रश्न विचारला पण उत्तर कळत नाहीये, तर ही परीक्षा करा. "शी टर्न्ड ऑफ द फॅन" आणि "शी टर्न्ड ऑफ द हायवे". दिसायला सारखी, पण पहिल्यात पंखा बंद केला आणि दुसऱ्यात हायवे सोडून ती वळली. आता फॅनच्या जागी इट घाला. "शी टर्न्ड इट ऑफ" होतं, इट मध्ये घुसतं, म्हणजे ऑफ क्रियापदाचा. हायवेला तसं चालत नाही, "शी टर्न्ड ऑफ इट" असंच म्हणावं लागतं, कारण तिथे ऑफ हायवेला धरून बसलाय.

कानानेही कळतं. टर्न इट ऑफ म्हणताना जोर ऑफवर येतो, लुक ॲट इट म्हणताना ॲट पुसटसा जातो आणि जोर लुकवर राहतो. इंग्लिश बातम्या किंवा मुलाखती ऐकताना फक्त एवढ्याकडे लक्ष द्या, आठवडाभरात कान तयार होतो.

एक लक्षात ठेवा, मी, हिम, इट, देम असे शब्द नेहमी मध्येच येतात. "पिक अप मी" हे कधीच नाही, "पिक मी अप". नाव किंवा वस्तू असेल तर दोन्ही चालतं, पिक अप द पार्सल किंवा पिक द पार्सल अप, पण वस्तूचं वर्णन लांबलचक असेल तर अपला शेवटपर्यंत ताटकळत ठेवू नका, आधीच उरकून घ्या. मात्र हे मध्ये घालणं सगळ्या छोट्या शब्दांना लागू नाही हां. लुक आफ्टर यादीत असतो, पण त्यातला आफ्टर पुढच्याला चिकटतो, म्हणून लुक आफ्टर हर, लुक हर आफ्टर नाही.

तिसरी पायरी: आता शेपूट जोडा

मराठीत आपण वेळ आधी सांगतो, मग जागा, क्रियापद सगळ्यात शेवटी. "उद्या नऊ वाजता स्टेशनवरून मला घे." इंग्लिशमध्ये हे जवळपास उलटं करायचं: क्रियापद, कोणाला, छोटा शब्द, जागा, वेळ. "पिक मी अप फ्रॉम द स्टेशन ॲट नाइन टुमॉरो." मराठी वाक्य शेवटाकडून वाचत आलात तर घे, मला, स्टेशनवरून, नऊ वाजता, उद्या, बघा सगळं जागच्या जागी पडतं. माझ्या भाचीचा गुंता खरं तर या एका युक्तीने सुटला.

इथे उतरण्याबद्दल थोडं थांबून सांगायलाच हवं कारण आपण सगळे "गेट डाऊन फ्रॉम द बस" म्हणतो आणि भारताबाहेर ते विचित्र वाटतं. ज्या वाहनात उभं राहता येतं, चालता येतं, म्हणजे बस, ट्रेन, विमान, तिथे गेट ऑन आणि गेट ऑफ. कार, टॅक्सी, रिक्षा यात वाकून शिरावं लागतं, तिथे गेट इन आणि गेट आउट ऑफ. आता "मी दादरला उतरते" हे "आय गेट ऑफ ॲट दादर". यात ऑफ मागे चिकटलाय आणि ॲट दादरला. दोन छोटे शब्द शेजारी शेजारी बसलेत पण दोघांची तोंडं दोन दिशांना! ट्रेनचं नाव घेतलं तर "आय गेट ऑफ द ट्रेन ॲट दादर", आता तोच ऑफ ट्रेनला चिकटला.

चौथी पायरी: तीन शब्दांची जोडगाडी

पुट अप विथ म्हणजे सहन करणं, कम अप विथ म्हणजे काहीतरी शोधून काढणं किंवा सुचणं, रन आउट ऑफ म्हणजे संपणं, लुक फॉरवर्ड टू म्हणजे आतुरतेने वाट बघणं. इथे मधला शब्द क्रियापदाचा आणि शेवटचा प्रिपोझिशन, तो पुढचं नाम मागतोच. "वी रॅन आउट ऑफ मिल्क" बरोबर, पण दूध हा शब्द काढला तर ऑफ पण काढायचा, "द मिल्क रॅन आउट". हे खूप जण विसरतात.

शेवटी प्रिपोझिशन असेल आणि पुढे क्रियापद आणायचं असेल तर त्याला आयएनजी लागतं. म्हणून "लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू" चूक, "टू मीटिंग यू" बरोबर. खात्री नसेल तर पुढे साधं नाम ठेवून बघा, लुक फॉरवर्ड टू द ट्रिप छान बसतं ना, म्हणजे तो टू प्रिपोझिशनच आहे. ऑफिसच्या मेलमध्ये ही चूक रोज दिसते, आणि सुधारायला दोन मिनिटं लागतात, म्हणून कळकळीने सांगते.

दुसरी आपली खास चूक म्हणजे "कोप अप विथ". अप नकोय, नुसतं कोप विथ, म्हणजे निभावून नेणं. मला वाटतं कीप अप विथ, पुट अप विथ, कम अप विथ हे सगळे कानात घोळत असतात म्हणून कोपला पण अप चिकटतो. तसंच "डिस्कस अबाउट" मध्ये अबाउट नको, मराठीत आपण "त्याबद्दल चर्चा करू" म्हणतो ना, तो बद्दल इंग्लिशमध्ये घुसतो.

पाचवी पायरी: शेवटचा शब्द बदलला की काय होतं ते बघा

ही मला सगळ्यात आवडणारी जागा. मेक अप विथ म्हणजे भांडण मिटवणं, मेक अप फॉर म्हणजे भरपाई करणं. ड्रॉप इन म्हणजे सहज डोकावणं, त्यात ड्रॉप इन ऑन माणसाकडे, ड्रॉप इन ॲट जागी. फॉल आउट विथ ज्याच्याशी बिनसलं त्याच्यासाठी आणि ओव्हर ज्यावरून बिनसलं त्यासाठी, दोन्ही एका वाक्यात येतात, "ही फेल आउट विथ हिज ब्रदर ओव्हर मनी", भावाशी पैशांवरून बिनसलं. मराठीतला भावाशी मधला शी आणि पैशांवरून मधला वरून जसा आपण न चुकता लावतो तसाच हा विथ आणि ओव्हर. म्हणून वहीत नुसतं फॉल आउट लिहू नका, फॉल आउट विथ कोणाशी ओव्हर कशावरून, अशी मोकळ्या जागांसकट ओळ लिहा.

लिहिताना एक बारीक गोष्ट, लॉग इन टू मध्ये इन आणि टू वेगळे ठेवलेलं चांगलं, कारण इन लॉगचा आहे आणि टू पुढच्या साइटचा. आणि लॉगिन असं जोडून लिहिलं की ते नाम होतं.

सराव असा करा. रात्री झोपायच्या आधी आजच्या दिवसातली पाच वाक्यं लिहा, पुस्तकातली नको, स्वतःची. "आय गॉट अप ॲट सिक्स. आय गॉट ऑन द बस ॲट द नाका. वी रॅन आउट ऑफ गॅस इन द मॉर्निंग. आय कॉट अप विथ अ फ्रेंड ओव्हर टी. आय गॉट बॅक फ्रॉम वर्क ॲट एट." मग प्रत्येक छोट्या शब्दावर बाण काढा, मागे किंवा पुढे. भाचीची पहिले चार दिवस भरपूर खाडाखोड झाली, गॉट ऑन द बस मधला ऑन तिने दोनदा मागे दाखवला, मग स्वतःच "गॉट ऑन इट" म्हणून बघितलं आणि बाण पुढे फिरवला.